गायरानाला पडीक कोणी ठरवलं?

परवा शेजारच्या गावात ग्रामसभेला गेलो होतो. विषय गायरानाचा. त्यातला एक मोठा तुकडा एका प्रकल्पाला द्यायचा, ग्रामपंचायतीची हरकत नाही असा ठराव करायचा. एक म्हातारे मेंढपाळ उभे राहिले, म्हणाले, आमची मेंढरं तिथंच चरतात. मागून कोणीतरी ओरडलं, "आबा, पडीकच हाय की ती!" लोक हसले. आबा खाली बसले.

मी बातमी दिली, पण तो शब्द काही डोक्यातून जाईना. म्हणून हे लिहितोय. जरा लांब आहे, पण वाचा.

आपल्या भागातल्या जमिनीच्या कागदांचं मूळ इंदापुरात आहे. 1835-36 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी तिथून नव्या पद्धतीची मोजणी सुरू केली. तीच पुढे मुंबई इलाख्यात पसरली. शेताला नंबर पडला, मातीची प्रत ठरली, त्यावर आकार बसला. 'पड' हा शब्द त्याआधीही होता. पण सारा देणारी जमीन आणि न देणारी जमीन, ही वाटणी नंबरानिशी पक्की झाली ती इथून. सातबाऱ्यावरचा 'पोटखराब' आठवा. गवत सारा देत नाही, चितूर देत नाही, लांडगा तर नाहीच नाही. म्हणून हिशेबात ते नाहीत.

तरी त्याच सरकारला गावाची गुरं दिसत होती. 1879 च्या मुंबईच्या जमीन महसूल कायद्यात मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवायची सोय झाली. आपल्या 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम 22 मध्ये ती आजही आहे. म्हणजे गायरान ही उरलीसुरली जमीन नाही, ती मुद्दाम राखलेली जमीन आहे. हा फरक आपण विसरलो.

आणि गंमत बघा. ज्या इंदापुरातून मोजणी सुरू झाली, त्याच तालुक्यात कडबनवाडीच्या माळावर आज लोक चिंकारा बघायला जातात. सोलापूरजवळ नान्नजला तर 1979 मध्येच माळढोकासाठी अभयारण्य झालं. तेही माळरानच.

आता मुद्द्यावर येतो. 2002 च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीला, नगरपालिकेला जैवविविधता व्यवस्थापन समिती करायला सांगितलं. 2004 च्या नियमांत अध्यक्ष आणि जास्तीत जास्त सहा सदस्य अशी रचना होती, त्यात किमान एक तृतीयांश महिला. मुख्य काम एकच, लोकजैवविविधता नोंदवही करायची. गावात काय उगवतं, काय चरतं, कोणाचं पोट कशावर आहे, ते गावकऱ्यांना विचारून लिहायचं.

या समितीला अतिक्रमण काढायचा अधिकार नाही. ते काम महसूलचं आणि पंचायतीचं. मग समितीचा उपयोग काय? उपयोग हाच, की जी जमीन कागदावर खराब ठरली, तिची किंमत कागदावरच मांडायची संधी मिळाली. 2021 मध्ये आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाजवळची दोन हेक्टरच्या आसपास जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली, तिथं सापडलेल्या एका बोटाएवढ्या माशासाठी. कायद्याच्या कलम 37 नुसार असं स्थळ जाहीर करताना सरकारला स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करावी लागते. गावानं तोंड उघडलं तर त्याला अर्थ आहे.

आमच्याकडे काय झालं? 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं मुदत घातली. 31 जानेवारी 2020 पर्यंत समित्या आणि नोंदवह्या पूर्ण करा, नाहीतर राज्याला महिन्याला 10 लाख भरावे लागतील. मग धावपळ. आमच्या गावातही समिती झाली. मी दोन ओळींची बातमी लावली आणि विसरलो. त्या ग्रामसभेनंतर आमच्या गावची नोंदवही मागून वाचली. त्यात भाताच्या खाचरातले खेकडे आहेत. आमच्याकडे भाताचं खाचर औषधालाही सापडायचं नाही! दुसऱ्या कुठल्या गावची वही उतरवून काढलेली. गायरानापुढे एकच शब्द होता, 'पडीक'.

इंग्रज साऱ्यासाठी तसं लिहून गेले. आपण कशासाठी लिहिलं? आणि ते लिहिलं जात असताना मी पत्रकार म्हणून काय करत होतो? हा दोष माझाही आहे.

नोंदवही एकदा केली की संपली असं नसतं, तिच्यात भर घालता येते, दुरुस्ती करता येते. म्हणून एक विनंती. येत्या ग्रामसभेत तीन गोष्टी विचारा. आपल्या समितीत कोण कोण आहे? नोंदवही कुठं ठेवलीय? गायरानाबद्दल तिच्यात काय लिहिलंय? आणि माळावर जाऊन लिहायची वेळ आली, तर आबांसारख्या माणसाला आधी बसवा. गवताची नावं त्यांना पाठ आहेत. आपल्याला नाहीत.

तुमच्या गावात काय उत्तर मिळतं, ते खाली जरूर लिहा.