विचारांची पुनर्मांडणी

तणाव निर्माण करणारा किंवा वाढवणारा विचार पकडायचा, त्याला पुरावा मागायचा आणि त्याच्या जागी वस्तुस्थितीशी अधिक जुळणारा विचार ठेवायचा, अशी मानसशास्त्रीय पद्धत. बोधात्मक वर्तनोपचार (सीबीटी) आणि विवेकनिष्ठ भावना-वर्तनोपचार (आरईबीटी) या दोन उपचारपद्धतींचा ती कणा आहे. समुपदेशकाच्या खोलीबाहेर परीक्षार्थींच्या, खेळाडूंच्या आणि व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांच्या प्रशिक्षणातही ती शिकवली जाते. नकारात्मक विचार हाकलून देऊन मनात गोड विचार बसवणे, असा तिचा अर्थ सर्रास लावला जातो. प्रत्यक्षात विचार गोड आहे की कडू याच्याशी या पद्धतीला फारसे देणेघेणे नसते. तो किती खरा आहे आणि किती उपयोगाचा आहे, एवढेच ती तपासते.

मूळ सूत्र : प्रसंग आणि भावना यांच्यामध्ये विचाराची एक पायरी असते आणि ती बहुधा नजरेतून सुटते. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत दोन-दोन गुणांनी यादी हुकलेले दोन उमेदवार कल्पावेत. एकाच्या मनात येते, ‘संपलं सगळं, आता गावात तोंड दाखवायला जागा राहिली नाही.’ तो चार दिवस खोलीचे दार उघडत नाही. दुसऱ्याच्या मनात येते, ‘वर्ष गेलं, वाईट झालं, अर्थशास्त्रात कमी पडलो.’ झोप त्यालाही लागत नाही, पण तिसऱ्या दिवशी तो उत्तरतालिका घेऊन बसतो. पहिल्याच्या विचारात एका निकालावरून अख्ख्या आयुष्याचा निवाडा झालेला आहे, गावकऱ्यांच्या मनातले परस्पर वाचलेले आहे आणि पुढचे भविष्यही वर्तवून टाकलेले आहे. दुसऱ्याचा विचार आनंदाचा अजिबात नाही. तो फक्त घडलेल्या गोष्टीएवढाच आहे.

एलिस आणि ‘हट्ट’ : मधल्या विचाराची ही जाणीव फार जुनी आहे. रोमन साम्राज्यात गुलाम म्हणून वाढलेला आणि पुढे निकोपोलिस येथे शाळा चालवणारा स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटस इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत शिकवत असे, की माणसाला घटनेपेक्षा तिच्याविषयी त्याने बनवलेले मत अधिक छळते. या शिकवणीची रीतसर उपचारपद्धती विसाव्या शतकात न्यूयॉर्कमध्ये तयार झाली. ती घडवली अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी.

एलिस लहानपणी मूत्रपिंडाच्या विकारामुळे वारंवार रुग्णालयात असत. स्वभाव कमालीचा लाजाळू. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःवरच एक प्रयोग केला. ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात जायचे, बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की त्याच बाकावर बसायचे आणि मिनिटभरात बोलायला सुरुवात करायची. एका महिन्यात १३० स्त्रिया झाल्या, असे ते सांगत. त्यांतल्या ३० जणी उठून गेल्या, १०० जणींशी गप्पा झाल्या, एकीने पुन्हा भेटायचे कबूल केले आणि ती आलीच नाही. भेट ठरवण्याच्या हिशेबाने हे सपशेल अपयश होते. पण नकार मिळाला म्हणून आभाळ कोसळत नाही, हे त्यांना १३० वेळा दिसले आणि अनोळखी स्त्रीशी बोलण्याची त्यांची भीती गेली.

कोलंबिया विद्यापीठातून १९४७ मध्ये डॉक्टरेट मिळवल्यावर एलिस मनोविश्लेषणाकडे वळले. रुग्ण वर्षानुवर्षे बालपणीच्या आठवणी उगाळतात आणि तरी सुधारणा फार हळू होते, असे त्यांना दिसू लागले. १९५५ मध्ये त्यांनी ‘रॅशनल थेरपी’ या नावाने स्वतःची पद्धत सुरू केली. १९६१ मध्ये नावात ‘इमोटिव्ह’ आणि १९९३ मध्ये ‘बिहेवियर’ हे शब्द आले आणि आरईबीटी हे आजचे नाव पक्के झाले. ‘रीझन अँड इमोशन इन सायकोथेरपी’ (१९६२) या ग्रंथात त्यांनी लोकांना छळणाऱ्या अकरा अविवेकी समजुती मांडल्या. पुढे त्या आटवून त्यांनी तीन हट्टांवर आणल्या : मला यश मिळालेच पाहिजे, इतरांनी माझ्याशी नीट वागलेच पाहिजे आणि परिस्थिती माझ्या सोयीची असलीच पाहिजे. इच्छा बाळगण्याला, ती तीव्र असण्यालाही एलिस यांची हरकत नव्हती. इच्छेची सक्ती झाली, की माणूस भयंकरीकरण करतो, म्हणजे गोष्ट आहे त्याहून भयानक मानतो, ‘हे मला सहनच होणार नाही’ म्हणतो आणि स्वतःवर किंवा दुसऱ्यावर नालायकीचा शिक्का मारतो, असे त्यांचे निदान होते.

त्यांचा आराखडा इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने ओळखला जातो. ए म्हणजे प्रसंग, बी म्हणजे त्याविषयीची समजूत, सी म्हणजे भावना आणि वर्तन यांतला परिणाम. डी या टप्प्यावर समजुतीशी वाद घालायचा आणि ई म्हणजे त्यातून हाती आलेला नवा, परिणामकारक दृष्टिकोन. हा वाद एलिस नुसता तोंडी ठेवत नसत. ‘लोक हसतील’ या भीतीवर त्यांनी लाज मोडण्याचे स्वाध्याय काढले. भुयारी रेल्वेच्या भर डब्यात येणाऱ्या स्थानकाचे नाव ओरडून सांगायचे, किंवा केळ्याला दोरी बांधून ते कुत्र्यासारखे रस्त्यावरून फिरवायचे. शुक्रवारी संध्याकाळी मॅनहॅटनमधल्या त्यांच्या संस्थेत प्रेक्षकांसमोर होणारी जाहीर समुपदेशने अनेक वर्षे गाजली. ती नाममात्र शुल्कात पाहता येत. एलिस यांची भाषा शिवराळ होती, ती सहन करण्याची तयारी मात्र ठेवावी लागे.

बेक आणि नोंदवही : त्याच सुमारास फिलाडेल्फियात आरन बेक (१९२१–२०२१) हे मनोविश्लेषक वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोहोचले. त्यांची एक रुग्ण आपल्या आयुष्यातल्या खाजगी गोष्टी मोकळेपणाने सांगे, पण सांगताना अस्वस्थ असे. खोदून विचारल्यावर कळले, की ‘डॉक्टरांना माझा कंटाळा येतो आहे’ असा विचार बोलता बोलता तिच्या मनात समांतर चालू होता. अशा आपोआप येणाऱ्या विचारांकडे बेक यांनी लक्ष वळवले. नैराश्यग्रस्तांच्या अशा विचारांचा रोख तीन गोष्टींवर असतो, असे त्यांना आढळले : स्वतः, जग आणि भविष्य. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत त्यांची पद्धत इमिप्रॅमिन या त्या काळच्या प्रचलित औषधाच्या तुलनेत सरस ठरली आणि बोलण्यातून होणाऱ्या उपचारांकडे पाहण्याचा वैद्यकजगताचा दृष्टिकोन बदलू लागला.

एलिस वाद घालत, तर बेक रुग्णाला सहसंशोधक बनवत. त्यांच्या परंपरेतले मुख्य साधन म्हणजे विचारांची नोंदवही. तिचे सात रकाने असतात. प्रसंग, भावना आणि तिची ० ते १०० यांतली तीव्रता, मनात आलेला विचार, त्याच्या बाजूचा पुरावा, विरुद्ध पुरावा, संतुलित विचार आणि शेवटी भावनेची पुन्हा केलेली मोजणी. ‘साहेबांनी मला मुद्दाम बैठकीला बोलावलं नाही’ हा विचार लिहिला, की त्याच्या बाजूच्या पुराव्याच्या रकान्यात ‘नाव यादीत नव्हतं’ एवढेच उरते. विरुद्ध रकान्यात ‘विभागातल्या आणखी तिघांची नावं नव्हती’, ‘कालच नवीन काम दिलं’ अशा ओळी येतात. ‘साहेब माझ्यावर खूश आहेत’ असा निष्कर्ष यातून निघत नाही. ‘कारण ठाऊक नाही, विचारून घेता येईल’ असा निघतो आणि ८० वर असलेली चिंता ४० वर उतरली, तरी त्या दिवसाचे काम झाले असे मानले जाते.

नोंदी साठत गेल्या, की एकाच माणसाच्या त्याच त्या चुका दिसू लागतात. राईचा पर्वत करणे, सगळे किंवा काहीच नाही अशा टोकांत विचार करणे, दुसऱ्याच्या मनातले आपणच ठरवणे, चांगली बाजू न मोजणे, एका अनुभवावरून सरसकट निष्कर्ष काढणे, असे हे विचारदोष डेव्हिड बर्न्स यांच्या ‘फीलिंग गुड’ (१९८०) या पुस्तकामुळे सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचले.

प्रयोगांतला पुरावा : अर्थ बदलला की शरीराची प्रतिक्रियाही बदलते का, हा प्रश्न बर्कली येथील रिचर्ड लॅझारस आणि सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये तपासला. ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या एका वेदनादायक दीक्षाविधीचा चित्रपट त्यांनी वेगवेगळ्या निवेदनांसह दाखवला. वेदनेवर भर देणारे निवेदन ऐकणाऱ्यांपेक्षा अभ्यासकाच्या तटस्थ सुरातले निवेदन ऐकणाऱ्यांच्या त्वचेची विद्युतवाहकता, म्हणजेच ताणाची खूण, कमी राहिली. दृश्ये तीच होती. स्टॅनफर्डचे जेम्स ग्रॉस यांनी १९९८ मध्ये अवयव कापण्याच्या शस्त्रक्रियेची फीत दाखवून दोन उपायांची तुलना केली. दृश्याकडे वैद्यकीय नजरेने पाहणाऱ्यांना किळस कमी वाटली. चेहऱ्यावर काही दिसू न देणाऱ्यांना ती तेवढीच वाटली आणि त्यांच्या शरीरावरचा ताण उलट वाढला. भावना गिळणे आणि अर्थ बदलणे यांतला फरक या प्रयोगाने स्पष्ट केला.

नुसते गोड बोलणे मात्र महागात पडू शकते. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागींना चार मिनिटे मनातले लिहायला सांगितले. अधूनमधून घंटा वाजली, की काहींनी ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ अशा आशयाचे वाक्य मनाशी म्हणायचे होते. ज्यांना स्वतःविषयी मुळातच कमी आदर होता, त्यांना हे वाक्य म्हटल्याने अधिक वाईट वाटले. स्वतःलाच न पटणारे वाक्य मन खोडून काढते, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ मधील अभ्यासात गाणे किंवा भाषण यांपूर्वी शांत होण्याची धडपड करण्यापेक्षा ‘मी उत्साहित आहे’ असे म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. धडधड तशीच राहिली, बदलला तो तिचा अर्थ. आणि धडधडणारी छाती उत्साहाचीही असू शकते, हे पटायला कठीण नव्हते.

महाराष्ट्रात : आरईबीटी मराठी वाचकांपर्यंत पोहोचवण्याचे पहिले मोठे काम मुंबईचे मानसशास्त्रज्ञ किशोर फडके यांनी केले. एलिस यांच्याशी त्यांचा तीन दशकांहून अधिक काळ पत्रव्यवहार होता आणि अल्बर्ट एलिस इन्स्टिट्यूटचे फेलो व सुपरवायझर होणारे ते पहिले भारतीय मानसशास्त्रज्ञ. ‘आधुनिक संजीवनी’ हे त्यांचे मराठी पुस्तक याच पद्धतीवर आहे. अंजली जोशी यांची ‘मी अल्बर्ट एलिस’ ही चरित्रात्मक कादंबरीही मराठीत आली. मनोविकारतज्ज्ञ आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात स्थापन केलेल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ या संस्थेने ही पद्धत समुपदेशनाबरोबरच कार्यशाळा, पुस्तके आणि दृकश्राव्य कार्यक्रम यांतून लोकांसमोर नेली. नाडकर्णी यांनी व्याख्यानांतून तिची भारतीय तत्त्वविचाराशी सांगड घातली आणि त्यामुळे ‘अमेरिकेतून आलेले शास्त्र’ हा दुरावा अनेक श्रोत्यांसाठी कमी झाला.

मर्यादा : ही पद्धत सगळीकडे सारखी लागू पडत नाही. ॲलिसन ट्रॉय आणि सहकाऱ्यांच्या २०१३ मधील अभ्यासात पुनर्मांडणीचे कौशल्य असलेल्या लोकांना आवाक्याबाहेरच्या ताणात कमी नैराश्य आले. ताणाचे कारण स्वतःच्या हातातले असताना मात्र त्याच कौशल्याच्या जोडीने नैराश्य अधिक आढळले. पगार थकवणारा मालक, मारहाण करणारा नवरा किंवा चुकीचा औषधोपचार यांच्याकडे ‘वेगळ्या नजरेने’ पाहूनही प्रश्न तसाच राहतो. तिथे तक्रार, कायदा किंवा दुसरा डॉक्टर लागतो. कामाचे तास आणि माणसांची कमतरता यांतून आलेला ताण कर्मचाऱ्याच्या विचारदोषांच्या खाती टाकणाऱ्या कार्यशाळांवरही हाच आक्षेप घेतला जातो. तीव्र नैराश्यात किंवा आत्महत्येचे विचार येत असताना नोंदवही पुरेशी नसते. अशा वेळी तज्ज्ञांची मदत घ्यावी लागते. अशा मदतीसाठी भारत सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा (१४४१६) २०२२ मध्ये सुरू झाली.

विचार बदलणे हाच बरे होण्याचा मार्ग आहे का, यावरही मतभेद आहेत. अमेरिकेत नील जेकबसन यांनी १९९६ मध्ये बोधात्मक उपचारांचे भाग सुटे करून पाहिले, तेव्हा केवळ दिनक्रमातल्या कृती वाढवणारा भाग संपूर्ण उपचाराइतकाच परिणामकारक ठरला. या निष्कर्षाला गोव्यात मोठा व्यावहारिक उपयोग मिळाला. ‘संगाथ’ या संस्थेने गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित, पण मानसशास्त्राची पदवी नसलेल्या समुपदेशकांकरवी मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याच्या रुग्णांसाठी सहा ते आठ बैठकांचा कार्यक्रम राबवला. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर होते, तर नेहमीच्या उपचारांच्या गटातले ३९ टक्के. या बैठकांत भर होता तो रुग्णाची थांबलेली कामे आणि भेटीगाठी पुन्हा सुरू करण्यावर आणि अडचणी एकेक करून सोडवण्यावर.