देवघरातील पितळी मूर्ती

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात मूर्ती ओतण्याचा विधी सांगितला आहे. मेणाची मूर्ती घडवावी, तीवर मातीचे लेप द्यावेत, तापवून मेण काढावे व त्या पोकळीत धातुरस ओतावा. साचा फोडल्यावाचून मूर्ती हाती येत नाही. म्हणून अशी प्रत्येक मूर्ती एकमेव होय. वाडवडिलांचे हे देव आपण राख-चिंचेने नित्य घासतो, तेव्हा मळाबरोबर नाकडोळ्यांच्या रेखाही झिजतात. पंचामृतस्नानानंतर मूर्ती स्वच्छ पाण्याने धुऊन मऊ वस्त्राने तत्काळ कोरडी करावी. चिंच सणापुरतीच असावी. काळवंडलेली मूर्ती उजळता येते, झिजलेले मुख परत येत नाही. मोडीत तर ती कदापि घालू नये, अशी ज्ञातिबंधुभगिनींस आमची विनंती आहे.