दाबाखाली आरएनए: अंड्यापासून समुद्रतळापर्यंत

मागच्या व्याख्यानात आपण ‘आरएनए-विश्व’ ही कल्पना पाहिली. त्यानंतर एका श्रोत्याने विचारलं, की जीवन समुद्रतळाशी सुरू झालं असेल, तर तिथल्या दाबाखाली आरएनएला काम तरी करता आलं असतं का? प्रश्न नेमका आहे. उत्तर ‘नाही’ आलं, तर समुद्रतळ आणि आरएनए यांतलं एक काहीतरी सोडावं लागेल. आज या प्रश्नाचाच इतिहास बघू.

सुरुवात एका अंड्यापासून होते. १९१४ साली हार्वर्डच्या पर्सी ब्रिजमन यांनी अंड्यातल्या पांढऱ्या भागावर सुमारे ७००० वातावरणांइतका दाब दिला. जाळ नाही, उकळतं पाणी नाही. तरी तो उकडलेल्या अंड्यासारखा घट्ट झाला. आपल्या कुकरमध्ये डाळ शिजते ती मुळात उष्णतेने. दाबामुळे फक्त पाण्याचा उत्कलनबिंदू वर जातो. इथे मात्र दाबानेच प्रथिनांची घडी मोडली होती. ब्रिजमन यांना उच्च दाबावरच्या कामासाठी १९४६ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्यासाठी यातला मुद्दा असा: रेणूचं काम त्याच्या घडीवर चालतं, आणि नुसत्या दाबाने ती घडी बिघडू शकते.

आता १९७७ मध्ये येऊ. गॅलापागोस बेटांजवळ ‘अॅल्विन’ ही पाणबुडी सुमारे २५०० मीटर खोल उतरली. समुद्रात दर १० मीटरला साधारण एक वातावरण दाब वाढतो, म्हणजे तिथे तो जवळजवळ २५० पट होता. सूर्यप्रकाशाचा पत्ता नाही, आणि तळातून निघणाऱ्या गरम पाण्याच्या झऱ्यांभोवती शिंपले नि किडे यांची वस्तीच वस्ती! जीवनाचा उगम अशाच जागी झाला असेल का, हा विचार तिथून जोर धरू लागला.

दुसरा धागा प्रयोगशाळेतला. १९८२ साली थॉमस चेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की टेट्राहायमेना या एकपेशीय जीवातला एक आरएनए प्रथिनांच्या मदतीशिवाय स्वतःला कापतो आणि जोडतो. पुढच्याच वर्षी सिडनी ऑल्टमन यांच्या गटाने आणखी एका आरएनएचं उत्प्रेरक काम सिद्ध केलं. अशा आरएनएला ‘रायबोझाइम’ म्हणतात. १९८९ चं रसायनशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं. मधल्या काळात, १९८६ मध्ये, वॉल्टर गिल्बर्ट यांनी ‘आरएनए-विश्व’ हा शब्द वापरला. माहितीही आरएनएच साठवतो, कामही आरएनएच करतो, अशी ही कल्पना.

हे दोन धागे एकत्र कधी आले? २००५ साली फ्रान्समध्ये. मारी-क्रिस्तीन मोरेल, गी हेर्वे आणि सहकाऱ्यांनी हेअरपिन रायबोझाइम दाबाखाली ठेवला. तंबाखूच्या एका विषाणूसोबत राहणाऱ्या छोट्या आरएनएमधून तो मिळतो. त्याच्या दोन भुजा एकमेकींजवळ आल्या, की तो स्वतःला कापतो. दाब वाढवला आणि क्रिया मंदावली.

आता गंमत बघा. भुजा जवळ येतात, रेणू आटोपशीर होतो. मग दाबाने उलट मदत व्हायला हवी ना? इथे पाण्याचा हिशोब धरावा लागतो. आरएनएवर विद्युतभार असतो, त्यामुळे त्याला चिकटलेलं पाणी दाटीने बसतं. लोकलच्या डब्यातल्या माणसांसारखं. स्टेशन आलं, माणसं उतरली, की फलाटावर जास्त जागा व्यापतात. भुजा जुळताना दर रेणूमागे सुमारे ७८ पाण्याचे रेणू सुटतात, असं या गटाला आढळलं. एकूण आकारमान वाढतं, दर मोलला साधारण ३४ मिलिलिटर. आणि ज्यात आकारमान वाढतं, त्या बदलाला दाब विरोध करतो.

म्हणजे उत्तर ‘नाही’? थांबा. २०१७ मध्ये जर्मनीत, डॉर्टमुंडचे रोलांड विंटर आणि बोखुमचे डॉमिनिक मार्क्स यांच्या गटांनी हाच रेणू पुन्हा हाती घेतला. त्यांनी फक्त एकूण वेग मोजला नाही. प्रत्यक्ष कापण्याची पायरी वेगळी काढली, रेणूच्या रचनेतले बदल घडताना पाहिले आणि संगणकावर गणित केलं. एकूण क्रिया उच्च दाबाखाली मंदच होती, पण कापण्याची पायरी मात्र दाबामुळे वेगवान झाली होती! दाबाखाली कापण्याच्या जागेचे शेजारच्या बेसशी असलेले बंध घट्ट होतात, असं त्यांचं स्पष्टीकरण आहे.

थोडक्यात, दाब घडी जुळायला अडवतो आणि रसायनाला मदत करतो. मग ज्या रायबोझाइमची घडी सोपी किंवा आधीच जुळलेली असेल, तो खोल समुद्रातही चांगलं काम करू शकेल. म्हणून या श्रोत्याला माझं उत्तर: नुसत्या दाबामुळे आरएनए-विश्व बाद होत नाही.

पण यावरून ‘उगम समुद्रतळाशीच झाला’ असं कृपया लिहू नका. तिथली उष्णता आरएनएची साखळी तोडते, आणि ती साखळी मुळात तयार कशी झाली, हा प्रश्न उरतोच. दाबाचा आक्षेप तेवढा सौम्य झाला. पुढच्या वेळी उष्णतेकडे वळू.