टार्लटनच्या घरांतील चार निशाणें

निशाण म्हटलें कीं आज आपल्यापुढें उत्सव उभा राहतो. अठराव्या शतकांतील शिपायाला मात्र तें लढाईच्या कामाचें साधन होतें. दारूच्या धुरानें रणांगण एकदां भरून गेलें, कीं शेजारचा माणूसहि दिसेनासा होई. अशा वेळीं धुराच्या वर डोकावणारें रेशमी वस्त्र पाहूनच पलटणीनें आपली रांग सावरावयाची. म्हणूनच शत्रूचें निशाण हिरावून आणणें ही मोठी मर्दुमकी समजली जाई.

अमेरिकेच्या राज्यक्रांतींत बॅनस्टर टार्लटन नांवाच्या पंचविशीच्या आंतबाहेरच्या इंग्रज सरदारानें अशीं चार निशाणें मिळविलीं. पहिलें २ जुलै १७७९ रोजीं न्यूयॉर्क प्रांतांतील पाउंड रिज येथें, बंडखोरांच्या घोडदळाकडून. त्यावर तेरा वसाहतींचे तेरा तांबडे-पांढरे पट्टे व पंख फुटलेल्या मेघांतून सुटणारे विजेचे लोळ आहेत.

उरलेलीं तीन २९ मे १७८० रोजीं वॅक्सहॉज येथें कर्नल ब्यूफर्डच्या व्हर्जिनियन पायदळाकडून आलीं. त्यांतील दोन साधीं आहेत; तिसरें मोठें मार्मिक. त्यावर बीव्हर हा पाणथळींतील लहानसा प्राणी ताडासारखें उंच झाड दांतांनीं कुरतडीत बसला आहे, आणि खालीं ‘चिकाटीनें’ अशा अर्थाचा लॅटिन शब्द आहे. काँग्रेसच्या सहा डॉलरच्या नोटेवरहि हाच प्राणी होता. सिंह किंवा गरुड न घेतां रात्रंदिवस कुरतडणारें जनावर निवडणाऱ्यांना आपलें बळ किती, याची नेमकी जाणीव असली पाहिजे!

त्या दिवशीं मात्र आणखी एका निशाणावरून कायमचा वाद माजला. आम्हीं शरणागतीचें पांढरें निशाण दाखविलें असतांहि आमची कत्तल झाली, असें व्हर्जिनियन म्हणत. टार्लटन म्हणे, माझा घोडा पडला. मीच मेलों असें समजून माझे स्वार सूडानें पिसाळले. माझ्या मतें दोन्ही हकीकती एकाच वेळीं खऱ्या असूं शकतात. मारले गेले ११३, जबर जखमी १५०. हे आंकडे खुद्द टार्लटनचे आहेत. पुढें ७ ऑक्टोबर १७८० रोजीं किंग्ज माउंटन येथें राजनिष्ठांनीं शरण येण्याची खूण केली, तेव्हां ‘टार्लटननें दिलें तेंच अभय घ्या’ असें ओरडत बंडखोरांनींहि कित्येकांना ठार केलें. तेथें मरणारे बहुतेक अमेरिकनच होते, हें सहसा सांगितलें जात नाहीं.

१७८२ मध्यें रेनॉल्ड्स या चित्रकारानें टार्लटनचें जें चित्र काढलें, त्यांत त्याच्या पायांपाशीं निशाणें पडलेलीं दिसतात. तें आज लंडनच्या नॅशनल गॅलरींत आहे. चारहि निशाणें त्याच्या वंशजांनीं दोनशेंहून अधिक वर्षें जतन केलीं. १४ जून २००६ रोजीं, म्हणजे अमेरिकेच्या ध्वजदिनींच, न्यूयॉर्क येथें त्यांचा लिलांव झाला. विजेचे लोळ असलेलें निशाण सुमारें १ कोटि २३ लक्ष डॉलरांस, आणि बीव्हर व त्याचे दोघे सोबती मिळून सुमारें ५० लक्षांस गेले.