वारणेच्या खोऱ्यात यंत्राला विचारलेले प्रश्न

कोल्हापूरपासून तीसेक किलोमीटरवर, पन्हाळा तालुक्यात, वारणानगर आहे. वारणा नदी ही कोल्हापूर आणि सांगली या दोन जिल्ह्यांची सीमा. तिच्या दोन्ही काठांवर उसाचे मळे आहेत, आणि तात्यासाहेब कोरे यांनी उभा केलेला सहकारी साखर कारखाना या मळ्यांच्या आधाराने चालतो. चॅटबॉट, म्हणजे माणसाशी संवाद करणारी संगणकाची आज्ञावली, हा आज घरोघरी चर्चेचा विषय झाला आहे. हे प्रकरण अगदी नवे, परदेशातून नुकतेच आलेले, अशी आपली समजूत असते. पण शेतकऱ्याने प्रश्न विचारायचा आणि यंत्राने उत्तर द्यायचे, हा प्रयोग या खोऱ्यात पंचवीस वर्षांहून अधिक काळापूर्वी सुरू झाला होता. त्याची हकिकत आजही उपयोगी पडेल असे आम्हांस वाटते.

ऊस लावणाऱ्या सभासदाचे प्रश्न मोजकेच असतात. माझ्या उसाची नोंद झाली का? तोड कधी येणार? काट्यावर वजन किती भरले? बिलाचा हप्ता केव्हा जमा होणार? तोड लांबली तर ऊस वाळतो, वजन घटते, आणि पुढच्या पिकाची वेळही चुकते. म्हणून या साध्या प्रश्नांवर घराचे वर्षाचे गणित अवलंबून असते. उत्तरासाठी पूर्वी गट ऑफिसात खेटे घालावे लागत, किंवा चिटबॉय गावात येण्याची वाट पाहावी लागे.

१९९८ साली केंद्र सरकारच्या पुढाकाराने 'वारणा वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. खर्चाचा निम्मा वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा आणि १० टक्के वारणा समूहाचा होता. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील ७० गावे त्यात होती. गावोगावी संगणक केंद्रे उघडायची, ती कारखान्याशी जोडायची, आणि शेतकऱ्याला पीकसल्ला, बाजारभाव, सरकारी योजना असे सर्व काही गावातच मिळवून द्यायचे, असे ते स्वप्न होते. घरात टेलिफोन असणे हीच तेव्हा मोठी गोष्ट होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या स्वप्नाची झेप कळते.

काही वर्षांनी बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया या संस्थेतील संशोधकांनी ही केंद्रे पाहिली. केंद्रांचा वापर थोड्याच कामांपुरता उरला होता, आणि ती कामे कारखान्याच्या व्यवहाराची होती. म्हणजे शेतकऱ्याने यंत्राला विचारले ते त्याचे जुनेच प्रश्न. मग एवढ्यासाठी महागडा संगणक, त्याची दुरुस्ती आणि विजेचा लपंडाव कशाला सांभाळायचा? २००६-०७ च्या सुमारास त्यांनी ७ गावांत निराळा प्रयोग केला. गावातला संगणक काढला आणि त्याचे काम साध्या मोबाइलवर आणले. ठरावीक साच्यातला लघुसंदेश पाठवायचा, कारखान्याकडील संगणकाने तो वाचायचा, नोंदी धुंडाळायच्या आणि उत्तराचा संदेश उलट पाठवायचा. हा प्रयोग ८ महिने चालला. संगणकावर होणारी सर्व कामे मोबाइलवर झाली, खर्च कमी आला, आणि शेतकऱ्यांनाही ही पद्धत अधिक सोयीची वाटली.

या यंत्राला गोड बोलता येत नव्हते. पण त्याचा एक गुण आपण लक्षात ठेवू. त्याचे प्रत्येक उत्तर कारखान्याच्या नोंदवहीतून येई. नोंद असेल तर आकडा मिळे, नसेल तर मिळत नसे. आकडा चुकला, तर वजनपावती हाती घेऊन गट ऑफिसात जाता येई आणि चूक कोठे झाली हे शोधता येई. उत्तराला उगमस्थान होते.

आता या इतिहासाचा दुसरा धागा पाहू. १९६६ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' नावाची आज्ञावली प्रसिद्ध केली. हे नाव त्यांनी बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकातील नायिकेवरून घेतले. पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी'तली मंजुळा ही तिचेच मराठी रूप. मंजुळेला शुद्ध बोलायला शिकवता येते, तसे यंत्रालाही शिकवता येईल, अशी ती कल्पना. एलायझा मानसोपचारतज्ज्ञाचा आव आणी. कोणी 'मला वाईट वाटते' असे लिहिले, की ती त्यातलेच शब्द फिरवून 'तुम्हांला वाईट का वाटते?' असे विचारी. तिच्याजवळ ज्ञान असे काहीच नव्हते. तरीही माणसे तिच्याजवळ मन मोकळे करू लागली. ही आज्ञावली तयार होताना जिने पाहिली होती, त्या वायझेनबाउम यांच्या सचिव बाईंनीही तिच्याशी बोलताना त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले. वायझेनबाउम यामुळे इतके अस्वस्थ झाले, की पुढे त्यांनी यंत्रावर असा विश्वास टाकण्याच्या धोक्यांविषयी पुस्तक लिहिले.

हे दोन धागे आज एकत्र आले आहेत. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि पाठोपाठ तशी अनेक यंत्रे आली. आता साचा पाळावा लागत नाही, आपण बोलतो त्या मराठीत विचारता येते. आमच्या ओळखीचे शिक्षक त्यावर प्रश्नपत्रिकेचा कच्चा मसुदा करून घेतात. कोणी बँकेला अर्ज लिहून घेतो, कोणी इंग्रजी पत्राचा अर्थ समजून घेतो, तर कोणी उसाच्या पिवळ्या पानाचा फोटो पाठवून रोगाचे नाव विचारतो. अर्जाची भाषा सुधारणे, अवघड उतारा सोपा करणे, या कामांत यंत्राचा खरोखर उपयोग होतो. कागदाला घाबरणाऱ्या माणसाला त्याने धीर दिला आहे, हे आम्ही पाहिले आहे.

परंतु हे यंत्र उत्तर देते कसे? अफाट लिखित मजकूर वाचून कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचा हिशेब ते शिकते. त्या हिशेबाने ते एकेक शब्द मांडत जाते. ज्या विषयावर पुष्कळ लिहिले गेले आहे, तेथे उत्तर बहुधा ठीक येते. जेथे मजकूर तोकडा आहे, तेथेही वाक्य तितकेच सफाईदार उमटते. मराठीतला मजकूर इंग्रजीच्या तुलनेत फार थोडा, आणि उसाच्या शेतीवरचा त्याहून थोडा. म्हणजे आपल्याच गरजेच्या ठिकाणी अधिक सावध राहावे लागते.

एक उदाहरण घेऊ. आमच्याकडे येणाऱ्या एका विद्यार्थ्याने आपल्या वडिलांसाठी अशा यंत्राला विचारले, 'उसाला नत्र किती द्यावे?' उत्तर आले, ४०० किलो. आकडा खोटा नव्हता. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्र लागते. पण त्यांचा ऊस सुरू हंगामातला होता, आणि त्याची शिफारस हेक्टरी २५० किलो, म्हणजे एकरी १०० किलो आहे. शिवाय आपला शेतकरी एकर आणि गुंठ्यांत बोलतो. ४०० हा आकडा एकरी समजून चालला असता, तर खत चौपट पडले असते. युरियात ४६ टक्के नत्र असते. सगळे नत्र युरियातून द्यायचे म्हटले, तर एकरी ४५ किलोची ५ पोती पुरतात, तेथे १९ पोती गेली असती. पैसा वाया, आणि जमिनीची व पाण्याची नासाडी वेगळी. त्यांनी शेजारच्या जाणत्या शेतकऱ्याला विचारले म्हणून हे टळले. त्या गृहस्थांनी उत्तर देण्याआधी उलट प्रश्न केला, 'लागण कधीची?'

या उलट प्रश्नातच सगळे आहे. एलायझाला उलट प्रश्न विचारता येत होते, पण ज्ञान नव्हते. आजच्या यंत्राजवळ मजकुराचे भांडार आहे, पण पुष्कळदा ते उलट न विचारताच उत्तर देऊन मोकळे होते. वारणेच्या यंत्राला यातले काहीच जमत नव्हते, तरी त्याच्या उत्तरामागे नोंदवही होती.

ही उणीव जाणकारांच्या ध्यानात आली आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये पीएम-किसान योजनेच्या शंकांसाठी 'किसान ई-मित्र' सुरू केले. महाराष्ट्राच्या कृषी विभागाने २०२५ मध्ये 'महाविस्तार' हे मराठीत सल्ला देणारे ॲप आणले. अशा यंत्रांत तपासलेली माहिती आधी शोधायची आणि तिच्या आधाराने उत्तर रचायचे, अशी पद्धत वापरता येते. एका अर्थी ही वारणेच्या नोंदवहीकडे परतण्याची वाट आहे. तरीही नोंदवही कोणी लिहिली, ती केव्हाची आहे, हे विचारण्याची जबाबदारी विचारणाऱ्यावरच राहते.

शिक्षकांना वर्गात हे सहज दाखवता येईल. गावातल्या एखाद्या पिकाविषयी किंवा ओढ्याविषयी एकच प्रश्न विद्यार्थ्यांनी तीन ठिकाणी विचारावा. चॅटबॉटला, छापील पुस्तिकेला आणि गावातल्या जाणत्या माणसाला. प्रत्येक उत्तरापुढे दोन गोष्टी लिहाव्यात: हे उत्तर कोठून आले, आणि चुकले तर दाद कोणाकडे मागायची? कोल्हापुरात प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे, तेथपर्यंत एखादी सहल नेली तर फारच उत्तम. दुसऱ्या प्रश्नापुढची जागा ज्या उत्तराच्या बाबतीत कोरी राहील, त्यावर खताचे एक पोतेही फोडू नये, एवढे मुलांना कळले तरी पुरे.