आधी कळस, मग भुकटी

छत्रपती संभाजीनगरच्या काळ्या दगडात समुद्री जीवाश्म शोधायला जाऊ नये. तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. ब्रिटल स्टार, म्हणजे भंगुर तारा, जिवंत पाहायचा तर कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला दगड उलटावेत. पण दगड झालेल्या ताऱ्याच्या आत काय दडलंय हे माणसाने कसं पाहिलं, ती कुळकथा वेरूळ पाहिलेल्याला चटकन उमगेल. कैलास लेणं 'आधी कळस, मग पाया' असं वरून खाली कोरत आणलं. ऑक्सफर्डचे भूविज्ञानाचे प्राध्यापक विल्यम सोलास यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जीवाश्माचं तेच केलं. वेरूळला देऊळ उरलं. सोलास यांच्या हाती शेवटी दगडाची भुकटी उरे.

पद्धत अशी: जीवाश्म यंत्रावर बसवायचा, एक पातळ थर घासून काढायचा, उघडा पडलेला छेद टिपून घ्यायचा, पुन्हा घासायचं. मग त्या छेदांबरहुकूम मेणाचे पत्रे कापून एकावर एक रचायचे, की आतला अवयव मोठा होऊन हातात येतो. 1912 साली सोलास आणि त्यांची प्राणिशास्त्रज्ञ लेक इगर्ना यांनी लॅपवर्थुरा या सिल्युरियन काळातल्या भंगुर ताऱ्यावर शोधनिबंध लिहिला. त्यावर इगर्नाचं नाव बापाच्या बरोबरीने आहे. त्या काळी असं थोड्याच लेकींच्या वाट्याला येई.

आत पाहण्यासारखं काय होतं? आजच्या भंगुर ताऱ्याच्या हातात मणक्यांसारख्या कडक तुकड्यांची माळ असते. प्रत्येक मणका दोन अर्धुकं जुळून झालेला, आणि पाण्याची नळी त्याखाली झाकलेली. बऱ्याच पुराजीवी ताऱ्यांत मात्र ही अर्धुकं सुटी दिसतात आणि हाताखालची खाच उघडी, थेट तारामाशासारखी. अर्धुकं सांधली, खाच बुजली, तसा नळीपायांवर सरकणारा हात सापासारखा वळवळून ताऱ्याला पुढे ओढू लागला. हा बदल वरच्या कवचावरून कळला नसता.

इंग्लंडमधल्या हेरफर्डशरला 43 कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या राखेने समुद्रतळ झाकला. प्राणी कुजले, त्यांच्या पोकळ्यांत कॅल्साइट भरलं. आपल्याकडे बेसॉल्टच्या पोकळ्यांत झिओलाइटचे स्फटिक असेच मागाहून भरले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते पाहायला मिळतात. हेरफर्डशरच्या एका तारामाशाचे मऊ नळीपायसुद्धा टिकले आहेत. त्यांचं वर्णन 2005 साली प्रसिद्ध झालं. तेही पाहिले घासूनच, फक्त मेणाऐवजी डिजिटल छायाचित्रं आणि संगणक.

2017 मध्ये ऑर्डोव्हिशियन काळातल्या प्रोटॅस्टेरिना या भंगुर ताऱ्याची पाण्याची नळी सूक्ष्म सीटी स्कॅनने, नमुन्याला धक्का न लावता पाहिली गेली. म्हणजे घासणं संपलं का? नाही. जीवाश्म आणि भोवतालचा दगड दोन्ही कॅल्साइटचेच असले, तर क्ष-किरणांना फरक नीट दिसत नाही. तिथे अजूनही सोलास यांचीच रीत चालते.