शनिवार तेल्यांचा दिवा

भंडाऱ्याची पितळी भांडी विदर्भात नावाजलेली. मात्र येथील समईत तेल घालताना ते गाळणाऱ्या तेल्याचे स्मरण आम्ही क्वचितच करतो. कोकणात याच धंद्यावरून एका समाजाला ‘शनिवार तेली’ हे नाव पडले होते. हे तेली शनिवारी घाणा जुंपीत नसत. कारण ते यहुदी होते.

अलिबागजवळ नवगाव येथे आपल्या पूर्वजांचे जहाज फुटले, असे हे बेने इस्राएल लोक परंपरेने सांगत आले. मराठी त्यांची मातृभाषा झाली. ग्रंथ हरवले, हिब्रू प्रार्थना विस्मरणात गेल्या. तरी ‘शमा’ ही श्रद्धेची घोषणा आणि शब्बाथ त्यांनी सोडला नाही. पुढे १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत त्यांचे पहिले सभास्थान बांधले.

यहुदी घरात दिव्याचा मान आईचा. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी ती शब्बाथाचे दिवे लावते. कोकणातील घरांत ते खोबरेल तेलाचे असत.

मुलगा तेरा वर्षांचा झाला, की तो ‘बार मित्स्वा’, म्हणजे आज्ञेचा पुत्र, ठरतो. सभास्थानात त्याला तोरा वाचण्यास बोलावतात. आज्ञापालनाचा भार यापुढे त्याचा स्वतःचा. या विधीला मेणबत्ती आवश्यक नाही. तेरा मेणबत्त्या लावण्याची प्रथा विसाव्या शतकात अमेरिकेतील यहुदी कुटुंबांच्या मेजवान्यांत रूढ झाली. आजी-आजोबा, आप्त, मित्र एकामागून एक येऊन ज्योत लावतात. एखादी ज्योत दिवंगतांसाठी असते. धर्मशास्त्राने ती सांगितलेली नाही. पण मुलाला कोणी वाढविले, याची ती कृतज्ञ उजळणी आहे.

आमच्या स्नानसंस्कारात पास्कामेणबत्तीवरून पेटविलेली ज्योत आईवडिलांच्या व धर्ममातापित्यांच्या स्वाधीन होते. दृढीकरणाच्या वेळी तीच वचने मूल स्वमुखाने उच्चारते. त्यानंतर मात्र कित्येक मुले मिस्सेला दिसेनाशी होतात, आणि आम्ही धर्मगुरू त्यांना दोष देऊन मोकळे होतो.

शनिवार तेल्यांपाशी ग्रंथ नव्हता, धर्मगुरूही नव्हता. घराने मात्र प्रभूचा दिवस राखला. मुलाच्या हाती मेणबत्ती देण्यापूर्वी त्याच्या घरी सायंकाळी प्रार्थनेचा दिवा लागतो काय, हे आम्ही विचारीत नाही. विचारावयास हवे.